नवमीची सवाष्ण

मला नोकरीवरून काढलं त्या दिवशी मी भांडले. विमा कंपनीच्या आमच्या नाशिक कचेरीत दावे तपासणाऱ्या सगळ्यांनाच त्यांनी एकदम घरी बसवलं, आणि बाकीचे निमूटपणे पुष्पगुच्छ घेऊन फोटोला उभे राहिले. मी मॅनेजरला विचारलं, "जळालेल्या दुकानाचा पंचनामा तुमचं यंत्र करेल, मान्य. पण दुकानदार खोटं बोलतोय हे त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघून कळतं. ते कोण बघणार?" तो म्हणाला, "मॅडम, तेही तेच बघतं." यावर मी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

राग माझ्या नाकावरच असतो, पहिल्यापासून. लग्नाच्या बैठकीत मी नीलेशच्या मामांना गप्प बसवलं होतं. नीलेश म्हणतो, त्यानं मला पसंत केलं ते तेव्हाच.

मग मुलाखती सुरू झाल्या. हल्ली मुलाखत माणूस घेत नाही. पडद्यावर एक गोड चेहरा येतो, प्रश्न विचारतो आणि आपण बोलत असताना आपला आवाज, श्वास, भुवया मोजत राहतो. निकाल तिथल्या तिथे. माझा निकाल दर वेळी एकच: ज्ञान उत्तम, अनुभव उत्तम, बोलण्याची ढब अयोग्य. एकदा कारणही दिलं होतं, 'उमेदवार प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर देते.' अरे बाबा, प्रश्न कुठे जाणार ते मला कळलं होतं, त्याला मी काय करू.

सुरुवातीच्या नकारांना मी मनसोक्त शिव्या घातल्या. मग एका दुपारी असाच एक निरोप आला, आणि मला शिवीच सुचेना. मी कणीक मळत होते, तशीच मळत राहिले. तेव्हा लक्षात आलं की आपण खचलोय.

नीलेश द्राक्षांच्या शीतगृहात पाळीवर जायचा, त्याच्यावर घर कसंबसं चाललं होतं. रेवा बारावीत, पुढचं कॉलेज तोंडावर. मधल्या काळापुरतं काहीतरी हवं म्हणून मी शेजारणीच्या चिवड्याची पाकिटं भरली, एका वकिलाची टिपणं तपासली, हॉटेलांची खोटी कौतुकं लिहायचं कामही धरलं. ते लगेच सुटलं, कारण मी खरं लिहायची.

अशात तेजल बागूलचा फोन आला. ही माझ्या मामेबहिणीची मैत्रीण, 'पुनर्भेट' नावाच्या कंपनीत इंजिनिअर.

"ताई, सवाष्ण हवीय," ती म्हणाली. "नवमीला जेवायला. पैसे चांगले आहेत."

पितृपक्षातली अविधवा नवमी आपल्याला काही नवी नाही. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं त्या दिवशी श्राद्ध असतं आणि तिच्या जागी एका सवाष्णीला जेवू घालतात. पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पाटावर बसवायचं, ओटी भरायची. माझी आई अशी कितीतरी घरी जाऊन जेवून आलेली आहे. खीर कुठे पातळ होती हे घरी येऊन सांगायची. तेव्हा मला वाटलं, यात काय, जाऊ की. नवीन होती ती फक्त गळपट्टी.

तेजलनं मला तिच्या कचेरीत बसवून सगळं नीट समजावलं. आपण बोलायचं ठरवलं की मेंदूचा हुकूम नसांमधून घसा, जीभ, ओठ, मान इथपर्यंत पोचायला क्षणाचा अगदी लहानसा तुकडा लागतो. गळपट्टी तो हुकूम वाटेतच वाचते, आणि त्या तुकड्यात स्नायूंना आपल्याला जाणवणारही नाही इतका बारीक विजेचा धक्का देऊन हालचाल बदलते. शब्द बहुतेक आपलेच राहतात. कुठे थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, हसण्याआधी मान किती कलती करायची, हे मात्र पट्टी ठरवते. गेलेल्या बाईच्या जुन्या चित्रफिती, फोनवरचे निरोप, लग्नामुंजीतली रेकॉर्डिंगं, असं घरचे जे जे देतील त्यातून ती हे शिकलेली असते.

"माझा आवाज तर तिच्यासारखा नाही," मी म्हटलं.

"नसू दे, ताई. माणूस आवाजानं कमी आणि थांबण्यानं जास्त ओळखू येतो. तुम्ही बघालच."

"आणि ती बाई जे कधी बोललीच नसेल ते मला बोलायचं झालं तर?"

"मग पट्टी जवळात जवळचा नमुना देते," तेजल म्हणाली आणि माझ्या मानेचं माप घ्यायला लागली.

गंगापूर रोडला मुकुंद ओझरकर म्हणून एक निवृत्त भूजल अधिकारी राहायचे. त्यांची बायको मीनल, दोन वर्षांपूर्वी गेलेली. मला एवढंच सांगितलं होतं, जास्त मुद्दामच सांगत नाहीत. सुनेनं माझे पाय धुतले, पाटावर बसवलं, वाढलं. गवारीची भाजी, भोपळा, कढी, उडदाचे वडे, तांदळाची खीर. समोरच्या पाटावर मुकुंदराव बसले होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते.

मी घास घेतला आणि काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, "वडे छान झालेत."

बोलणं एवढंच. पण 'वडे' म्हटल्यावर मी थांबले. मला थांबायचं नव्हतं, मी थांबवली गेले. उजवी भुवई वर गेली, मान जराशी कलली आणि मग 'छान झालेत' आलं. सुनेच्या हातून कढीचा डाव ताटात पडला. मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतले.

"अजून एक घे ना," ते म्हणाले. आल्यावर दारात मला 'या हर्षदाताई' म्हणालेले ते हेच.

मला उडदाचा वडा एकापेक्षा जास्त सोसत नाही. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून मऊसूत आवाजात आलं, "बरं."

मी वडा खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. परत येताना रिक्षात पट्टी काढली, मानेवर बोटं फिरवली आणि हसत सुटले. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली होती. घरी जाऊन मी नीलेशला आणि रेवाला सगळं करून दाखवलं.

रेवा हसली नाही. "आई, भुवई कशी उडवलीस? तुला एक भुवई कधी उडवता येत नव्हती."

नवमी वर्षातून एकदा येते, म्हणून मी तो विषय तिथेच संपवला होता. पण ओझरकरांनी पुन्हा बोलावलं. आधी मीनलच्या वाढदिवसाला, मग दर पौर्णिमेला, मग दर गुरुवारी. आता पाट नव्हता, ओटी नव्हती. मी जायची, पट्टी लावायची, चहा करायची आणि त्यांच्याबरोबर गॅलरीत बसायची. ते जुन्या गोष्टी सांगायचे आणि मी 'हो का', 'बरं', 'असू दे' म्हणायची. मुलाखतींचे नकार येतच होते, पण आता किराणा वेळेवर भरला जायचा. मी स्वतःला बजावत होते, हे तात्पुरतं आहे, चांगलं काही मिळेपर्यंत.

मग भाजीवाल्याची गोष्ट घडली. आमचा नेहमीचा भाजीवाला, त्यानं डोळ्यांदेखत मला सडके टोमॅटो घातले. एरवी मी त्याची टोपली त्याच्या डोक्यावर ठेवली असती. मनात सगळं तयार होतं, वाक्यं रांगेत उभी होती. गळ्यात पट्टी नव्हती. मी तोंड उघडलं, क्षणभर थांबले, भुवई वर गेली आणि मी म्हणाले, "बरं, असू दे." भाजीवाला माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. त्यानं आपणहून टोमॅटो बदलून दिले. घाबरला असावा.

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि 'नाही' म्हणून पाहिलं. डब्यात साखर नाही, हे मला म्हणता आलं. मी साखर देणार नाही, हे म्हणता येईना. मान नकारार्थी हलवायला गेले तर ती एका बाजूला कलायची आणि ओठांवर हसू यायचं. ते हसू माझं नव्हतं. मी फोटोतसुद्धा तशी हसत नाही.

तेजलला गाठलं. मला तिला फैलावर घ्यायचं होतं, पण मी काय विचारलं तर, "तेजल, हे जाईल ना गं?" आणि तेही इतकं गोड की ती पाणी आणायला उठली.

"ताई, डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो," ती म्हणाली. "आपण सायकल शिकतो ती त्याच्या जिवावर. तो दर हालचालीमागे चूक किती झाली ते बघत असतो. तुम्ही एका पद्धतीनं बोलायला जाता, पट्टी ते दुरुस्त करते. असं फार वेळा झालं की तो स्वतःच आधी दुरुस्त करून पाठवायला लागतो. त्यातून समोरचा माणूस डोळ्यांत पाणी आणून बघत असेल तर तो आणखी लवकर शिकतो. प्रेम मिळतं ना त्याला. सायकल विसरता येते का?"

"मग मी काय करू?"

"पट्टी बंद ठेवायची आणि रोज नकार द्यायचा सराव करायचा. काहींचं परत येतं."

'काहींचं' म्हणाली. मी तिच्या कानशिलात लगावायला हवी होती. मी म्हणाले, "बरं."

त्याच आठवड्यात एका मोठ्या विमा कंपनीची मुलाखत होती. पडद्यावरचा चेहरा विचारत होता, मी थांबत होते, भुवई उडत होती, मान कलत होती. शेवटी तो चेहरा म्हणाला, 'बोलण्याची ढब असाधारण. निवड.' पद होतं दावे नाकारल्याचं लोकांना कळवण्याचं. माझ्या आवाजात ऐकलं की लोक तक्रार करत नाहीत, असा त्याचा अंदाज होता. रुजू व्हायला पुढची एक तारीख दिली. इतके महिने ज्या दारावर डोकं आपटलं ते उघडलं, आणि मला रडू आलं. ते तरी माझं होतं की मीनलचं, देव जाणे.

नीलेशनं पेढे आणले. रात्रीची पाळी नव्हती म्हणून आमच्याबरोबर निवांत जेवायला बसला होता. म्हणाला, "हर्षू, खरं सांगू? मला तू अशीच आवडायला लागलीयेस. घर कसं शांत झालंय."

ज्या माणसानं मला भांडताना पाहून पसंत केलं तो हे बोलत होता. माझ्या आत जे उसळलं ते सांगता यायचं नाही. त्याला मी विचारणार होते की मग इतकी वर्षं काय सोसत होतास का मला? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो का?"

रेवा ताटावरून उठून गेली.

नोकरी मिळाली म्हणून मी ओझरकरांकडे शेवटचं गेले. कंपनीशी ठरलेला एक गुरुवार उरला होता. गॅलरीत चहा झाला. निघायचं म्हणून मी पट्टी काढून ठेवली. मुकुंदराव कप खाली ठेवून म्हणाले, "मीनल, एकदा माझ्यावर चीड."

मी कप उचलायला हात पुढे केला.

"त्या संध्याकाळी तू म्हणालीस, छातीत जड वाटतंय. मी टीव्ही बघत होतो. म्हटलं, सकाळी बघू. आठवतं ना? मग बोल. मला बोल, मीनल. 'मेल्या, तुझ्या त्या मॅचपायी माझा जीव गेला,' असं म्हण. तू म्हटल्याशिवाय मला सुटका नाही."

मला त्या माणसाची इतकी दया आली की वाटलं, द्यावी एक शिवी. माझ्याकडे शिव्यांना काय तोटा होता. मी जोर लावला, गळ्याच्या शिरा ताणल्या. त्यांच्या हातावर हात ठेवून मी म्हणाले, "असू दे. झालं ते झालं."

त्यांनी हात काढून घेतला. माझ्याकडे असं बघितलं, जणू कोणी परकी बाई त्यांच्या घरात शिरलीय.

"ती असं कधी म्हणाली नसती," ते म्हणाले. "तिचं तोंड म्हणजे... चाळीस वर्षं मी त्या तोंडाला वचकून होतो. पण कंपनीला चित्रफिती द्यायच्या होत्या तेव्हा सगळे बसलो, आणि जिथे जिथे ती चिडलीय, ओरडलीय, कुणाला नाही म्हणालीय, ते वेचून काढून टाकलं. माझी बहीण म्हणाली, गेलेल्या माणसाचं वाईट कशाला ठेवायचं. मलाही पटलं."

मी काढून ठेवलेली पट्टी उचलली आणि निघाले. मला सोडायला ते दारापर्यंत आले नाहीत. म्हणजे जी बाई माझ्यात शिरली होती ती मीनलही नव्हती. तशी बाई जगात कुठेच कधी नव्हती. नातेवाइकांनी मिळून वेचलेली होती ती, आणि राहायला तिला मी मिळाले होते.

तेजलला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सगळीच घरं तसं करतात, ताई. आपल्याकडे गेलेल्याबद्दल कोण वाईट बोलतं?"

दोन दिवसांनी, शनिवारी दुपारी, ती आमच्याकडे आली. मला वाटलं पट्टी परत न्यायला आली असेल. नीलेश पाळीवर होता. रेवानं दार उघडलं आणि 'या तेजलताई' म्हणून तिला आत घेतलं, तेव्हा मला कळलं की या दोघींचं आधी बोलणं झालेलं आहे. तेजलच्या पिशवीत नवी डबी होती.

"आई, ऐक," रेवा म्हणाली. ती माझ्याकडे सरळ बघत नव्हती. "एका मुलीच्या जागी बसायचंय. फक्त रविवारी, तिच्या आईबाबांकडे. पुण्याच्या कॉलेजची फी निघेल. तुझा पगार सुरू होईपर्यंत जागा जाईल. आणि तू करतेसच की."

"फार गोड मुलगी होती, ताई," तेजल म्हणाली. "गेल्या वर्षी गेली, रेवाच्याच वयाची. तिच्या आईनं स्वतः बसून चित्रफिती निवडून दिल्यात. सगळ्यांमध्ये हसतेय बघा."

तिनं फोन पुढे केला. वाढदिवसाला हसणारी, गच्चीवर हसणारी, मांजर घेऊन हसणारी, बाकावर बसून हसणारी मुलगी. एकाही ठिकाणी तोंड पाडलेलं नाही, एकाही ठिकाणी रडणं नाही. मी माझ्या रेवाकडे पाहिलं. लहानपणी पडली की आख्खी गल्ली गोळा होईल इतकी रडायची. अजूनही रडते, माझ्याशी भांडताना, नाक लाल करून. मला दिसलं की काही महिन्यांनी हिला काहीतरी भयंकर दुखेल, आणि ही माझ्यासमोर उभी राहून हसेल, आणि मला कळणार नाही.

"अठराच्या आतलं कोणी असलं की आईवडिलांपैकी एकाचा तोंडी होकार लागतो," तेजल म्हणाली. "लेखी चालत नाही. सह्या लोक कशाही घेतात म्हणून सरकारनं नियमच केलाय." तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला. लाल ठिपका लागला. "हर्षदा नीलेश कोठावदे, तुमची मुलगी रेवा हिनं हे काम करावं, याला तुमची संमती आहे का?"

नाही. मी हे आयुष्यात इतक्या जोरात कधी म्हटलं नसेल. नाही, तुझ्या त्या डबीला आग लागो, माझ्या पोरीच्या गळ्याला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. छातीपासून उठलं, घशापर्यंत आलं. तिथे ते थांबलं. भुवई वर गेली. मान कलली.

"बरं," मी म्हणाले.

तेजलनं ठिपका बंद केला. "थँक्यू ताई. रेवा, ये, मापाला लावून बघू या."

रेवा उठली नाही. माझ्याकडे बघत होती. तिला पैसे हवे होते, खरंच हवे होते, पण मी बरं म्हणेन असं तिला वाटलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर मला स्वच्छ दिसलं. "अगं आई," ती हळूच म्हणाली, "मला वाटलं तू मारशील."

"बाळा," मी म्हणाले.

मग ती उठली. माझ्या खुर्चीजवळून तेजलकडे जायला निघाली, आणि तिचं मनगट माझ्या हातात आलं. मी ते धरलं. इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा काठ माझ्या तळव्यात रुतला.

"आई, सोड."

मी सोडलं नाही. तेजल डबी उघडत होती, ती थांबली.

"आई, सोड ना. दुखतंय." रेवाचं नाक लाल झालं, डोळे भरून आले. आता ती मोठ्यानं रडायला लागली होती, पूर्वीसारखी, शेजारी ऐकतील अशी. "दुखतंय मला. सोड म्हटलं ना."

"बरं," मी तिच्याकडे बघून गोड हसले, "सोडते हं," म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं तिचं दुसरं मनगट धरलं.